डोंगराची साय

उंबरदऱ्यात पहिला मान वरच्या घराचा. हे तिथं कुणी कुणाला शिकवत नाही. पोर रांगायला लागलं की त्याला आपोआप कळतं. होळी झाली की पडकई सुरू होते. म्हणजे घरटी एक माणूस कुदळ-फावडं घेऊन येतो, सगळे मिळून एकाच्या उतारावर भाताचं खाचर पाडतात, दगड रचतात, बांध घालतात. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. ज्याच्या रानात काम, त्याच्या घरी जेवण. आणि पहिली पाळी नेहमी डोंगरमाथ्याजवळच्या रानाची. ते रान ठमाबाई गवारीचं. पहिली कुदळ तिच्या रानात पडणार, आणि ती पडेपर्यंत बाकीच्या गावानं तंबाखू मळत बसायचं.

म्हणून त्या चैत्रात देवळापुढच्या सभेत डॉक्टर वनिता तळपे उठून म्हणाली, "सुरुवात खालच्या रानापासून करायची," तेव्हा पंगतीत पहिलं ताट कुत्र्यापुढं ठेवावं तशी सभा गप्प झाली.

वनिता ही औषधाची डॉक्टर नव्हे, मातीची. पलीकडच्या खोऱ्यातलीच पोर, शिकून संशोधन केंद्रात गेलेली. बोलायला शांत, पण सहजासहजी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे! त्या दिवशी तिनं आधी एक खेळ करून दाखवला होता. देवळाच्या ओट्यावर पांढरं धोतर अंथरलं, मधोमध बशीत कोरडी माती ठेवली, आणि ठमाबाईच्या लेकाला, सुनीलला, पिचकारी देऊन शिडीवर चढवलं. सुनीलनं वरून एक थेंब सोडला. टप्प. बशीतली माती उडाली आणि धोतरावर वीतभर लांब शिंतोडे पडले.

"हा एक थेंब," वनिता म्हणाली. "पाऊस माती वाहून नेतो असं आपण म्हणतो. पण वाहून नेणं पुढचं. आधी थेंब मातीला फोडतो. कण सुटे होतात, त्यातले बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि मातीचं तोंड मिटतं. तोंड मिटलं की पाणी आत जात नाही, उतारानं पळतं, आणि पळताना सुटी माती बरोबर घेतं. आधी पातळ पडदा, मग बोटभर रेघा, मग ओहळ, मग घळ. झाड, गवत, पालापाचोळा असला तर थेंब त्याच्यावर फुटतो, माती वाचते. उघड्या रानाला कोण वाचवणार?"

कुणी वाचवत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पंधरवडाभर झिमझिमायचा तो पाऊस आता एका दुपारी कोसळत होता, आणि थेंब चिंचोक्याएवढे. वरकस रानात, म्हणजे नाचणी-वरईच्या त्या चढाच्या जमिनीत, जागोजागी कातळ उघडा पडला होता. म्हाताऱ्याच्या हिरड्या दिसाव्या तसा.

त्यावर केंद्रानं काढलेला उपाय असा. कातळावर काळी-हिरवी खपली धरते ना, तिच्यात नीलहरित शेवाळ आणि बुरशी एकमेकांत गुंतून राहतात. शेवाळ चिकट रस सोडतं, बुरशी धागे सोडते, आणि मातीचे कण गोधडीसारखे शिवले जातात. या जोडीची अशी जात केंद्रानं वाढवली होती, की ती ड्रोननं फवारली आणि चार दिवस ओल मिळाली की उघड्या उतारावर पकड घ्यायची. वरून थेंब पडो नाहीतर गारा, कण हलत नाही. नाचणीचं रोप तिच्यातून टोचून लावायचं; टोचलेल्या भोकाभोवती ती पुन्हा जुळून यायची. सरकारी नाव भूकवच. गावानं पहिल्याच दिवशी तिला साय म्हणायला सुरुवात केली, कारण दुधावर धरते तशीच ती मातीवर धरणार होती.

"मग लाव की साय," ठमाबाई म्हणाली. "खालून कशाला?"

"मावशी, साय थेंब झेलते, माती धरते. पण पाणी फार पीत नाही. जोराचा पाऊस आला की वरचं पाणी घसरत खाली येणार, आणि ते निवळ असणार. गढूळ पाण्याचं पोट भरलेलं असतं. निवळ पाणी उपाशी. पुढं जिथं उघडी माती भेटेल तिथं ते तुटून पडतं. म्हणून आधी ओढ्यात दगडी बंधारे, मग खालची रानं, मग वरचं. आणि वरसुद्धा सलग नाही. आडवे पट्टे ठेवायचे, मधे गवत, पाणी प्यायला."

"म्हणजे शेवटची पाळी माझी, आन् वर माझ्याच रानाला ठिगळं?"

"ठिगळं नाहीत ती, मावशी."

"पोरी, तू शिकलीस, चांगलं झालं. मला एवढंच सांग, माणूस डोक्यावरनं पाणी घेऊन न्हातो का पायावरनं?"

सभा हसली. आणि सभा एकदा हसली की शास्त्र संपलं. पाटील म्हणाले, वरच्या घराला डावलून आम्ही काही करणार नाही. ही साय वाटणाऱ्या मृदा कवच मंडळाचे चौबळ साहेब शहरातून आले होते. त्यांनाही माथ्यावरचं सलग रान फार आवडलं, कारण उपग्रहाच्या फोटोत ते ठसठशीत दिसणार होतं. ड्रोन पुढच्या गावाला जायचे होते, पावसाआधी सगळी गावं उरकायची होती. वनितानं शेवटी मान डोलावली. वरच्या रानाच्या आराखड्यावर सही केली. इथं तिचंही चुकलं, एकट्या ठमाबाईला बोल लावून उपयोग नाही.

मंडळाचा एकच नियम होता, पण तो दगडासारखा. साय लावली की तीन वर्षं तोडायची नाही. तोडेल त्याला पुन्हा मिळणार नाही, आणि त्याच्या गावाची पाळी सगळ्यांच्या मागं जाणार. लक्ष ठेवायला गावातलाच एक कवचरक्षक नेमला. सुनील गवारी. अंगात मंडळाचं जाकीट घालून तो आईच्या पाया पडला तेव्हा ठमाबाईनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "हे जाकीट धुवायला टाकायचं का नुसतं पुसायचं?"

साय धरली. ठमाबाईचं रान म्हशीच्या पाठीसारखं काळंभोर चमकायला लागलं. ज्येष्ठात दोन-तीन जोराच्या सरी झाल्या तेव्हा तिनं रानातून उतरणारं पाणी तांब्यात धरलं आणि देवळात नेऊन ठेवलं. आरपार निवळ. तळाला मातीचा कण नाही.

"बघा," ती म्हणाली. "डोंगर धुतला, पण मळ निघाला नाय."

लोकांनी बघितलं. आपापल्या रानातनं चहासारखं पाणी वाहताना बघितलेलं असल्यावर माणूस अशा तांब्याकडं देवासारखंच बघणार.

एकटी येसाबाई आली नाही. येसाबाई म्हणजे ठमाबाईची धाकटी जाऊ. दोघी एका चुलीवर नांदल्या, दोन चुली झाल्या, मग बांधावरून बोलणंही तुटलं. वाटणीत वरचं रान थोरलीला गेलं, त्याच्या बरोबर खालचं धाकटीला. खालीच येसाबाईचं घर, आणि घरात तिचा नवरा खंडू, अर्धं अंग गेल्यामुळं खाटेवर पडून असलेला.

आषाढ लागला आणि येसाबाई ठमाबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"आक्का, तुझं पाणी आवर."

"पाणी काय माझी म्हस हाय, आवरायला?"

"म्हस परवडली. ती शेण तरी टाकती. तुझं पाणी नुसतं चरतंय. माझं वरलं खाचर गेलं. बांध गेला. आता परसातनं घळ वर चढायला लागलीया."

"पाऊस देवाचा. देवाला सांग."

"देवाच्या रानाला साय नाय लावली कुणी. तुझ्या लावलीय." येसाबाई अंगणभर नजर फिरवून म्हणाली, "पहिला मान पायजे व्हता ना? घेतलास. आता त्याचं सांडलेलं माझ्या दारात कशाला?"

"दारात येऊन भांडायची तुझी सवय जुनी हाय."

"आन् ऐकून न घ्यायची तुझी." येसाबाई वळली आणि चालायला लागली. ठमाबाईनं मागून आणखी दोन शब्द फेकले, पण ते पावसात भिजून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई शेळी शोधायच्या निमित्तानं खाली उतरली. शेळी गोठ्यातच होती. पण मोठ्या घरच्या बाईला निमित्ताशिवाय खाली उतरता येत नाही.

शेळी शोधायची गरज पडली नाही. घळच समोर आली. पुरुषभर खोल, दोन्ही अंगांनी कापलेली, सुरीनं कापावी तशी. वरून निवळ पाणी येत होतं, काठावरून खाली उडी मारत होतं, आणि जिथं पडत होतं तिथं काठाच्या पायातली माती पोखरत होतं. मग वरचा काठ धपकन खाली बसायचा, पाणी पुन्हा नव्या काठावरून उडी मारायचं. घळ वाहत खाली जात नव्हती, ती कुरतडत वर येत होती. आवणी करून आठ दिवसही न झालेली भाताची रोपं काठाला मुळांनी लोंबत होती. फांद्यांना पोरं लोंबतात तशी. आणि घळीचं एक तोंड फुटून येसाबाईच्या घराच्या मागच्या भिंतीकडं वळलं होतं.

आतून आवाज आला. "कोण हाय तिकडं?"

"मी, भावजी."

खाटेवरचा खंडू हसला. "वयनी? तुमी? बया! मग आता खरंच काहीतरी पडणार. भिंतीमागं सारखी ढेकळं पडत्यात. मी येसीला म्हणतोय घूस हाय, ती म्हणती जाऊ हाय."

ठमाबाई आल्या पावली मागं वळली. आयुष्यात तिच्यावर अशी पाळी क्वचित आली असेल. ती वर चढली ती न थांबता, आणि घरात शिरताच सुनीलला म्हणाली, "त्या वनिताला फोन लाव."

वनिता फोनवर आली तेव्हा ठमाबाईनंच सुरुवात केली. "बोल, एकदाचं बोलून घे. 'मी सांगितलं व्हतं' म्हण, आन् मग काम सांग."

"ते मी म्हणणार नाही, मावशी. सही माझीच आहे." वनिता म्हणाली, "मंडळाला मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं की पावसाळ्यात कवचाला हात लावायचा नाही. आणि इशारा बघितला का? उद्या दुपारनंतर ढगफुटी. तुमच्याच डोंगररांगेवर."

"काय करायचं ते सांग."

वनितानं सांगितलं. साय आडव्या पट्ट्यांत तोडायची. पट्ट्यात सारख्या पातळीवर चर खणायचा, निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला बांधासारखी घालायची, म्हणजे पाणी पळायच्या ऐवजी थांबेल, मुरेल. घळीच्या तोंडात काटक्या-फांद्यांचे भारे दगडांखाली दाबून बसवायचे, म्हणजे पाण्याची उडी मोडेल. तोडलेल्या पट्ट्यातली माती यंदा वाहणार. ती जाऊ द्यायची.

"माझी माती," ठमाबाई म्हणाली.

"तुमची माती," वनिता म्हणाली. "मी येते. सकाळी पोचते."

फोन खाली ठेवायच्या आत सुनील पुढं आला. "आई, रानाला हात लावायचा नाय. मी रक्षक हाय. मलाच कळवावं लागंल. माझी जागा जाईल. आन् गावाची पाळी मागं जाईल, लोक तुला शेणात बुडवतील."

"आन् तुझा चुलता भिंतीखाली जाईल ते?"

"चुलत्याला उचलून शाळेत नेऊन ठेवू."

"चुलत्याला न्हेशील. घर पण न्हेशील काय? रान पण खांद्यावर घेशील?" ती त्याच्याकडं बघत राहिली. "तू कळव. तुझं काम हाय ते. मी माझं करते."

सुनील चूल पेटवायच्या नळीसारखा फुसफुसत बाहेर गेला.

मग ठमाबाई पडकई सांगायला निघाली. आषाढात! पडकई उन्हाळ्याचं काम, माती कोरडी असते तेव्हाचं. भर पावसात पडकई म्हणजे श्राद्धाला वाजंत्री. वर ही पडकई रान बांधायची नाही, साय फोडायची. पाटलांनी ऐकलं आणि हातातलं पान खाली ठेवलं.

"ठमाबाई, डोकं ठिकाणावर हाय का? तुझ्यासाठी आम्ही त्या पोरीचं म्हणणं मोडलं. आता तूच तोडणार, आन् आमची पाळी जाणार?"

"व्हय."

"का?"

"कारण तवा मी चुकले आन् तुमी हसलात. दोघांचं मिळून झालंय. दोघांनी मिळून निस्तरायचं."

"मी येणार नाय."

"नका येऊ. फक्त खिडकीत उभं राहून बघू नका. बघायचा मान राबणाऱ्याचा."

आळीतून आळीत ती अशीच फिरली. कुणी दार लावून घेतलं, कुणी 'बघू' म्हणालं, एका सुनेनं सासूच्या पाठीमागून हळूच मान डोलावली. सगळ्यात शेवटी ती येसाबाईच्या दारात गेली. येसाबाई उंबऱ्यावर बसून विळी घासत होती. वर बघितलं नाही.

"उद्या माझ्या रानात पडकई हाय," ठमाबाई म्हणाली. "साय तोडायची. घरटी एक माणूस."

विळी थांबली. "तुझ्या रानात मी येऊ? माझं घर पडायला आलंय, आन् मी तुझ्या रानात राबू?"

"मग नको येऊ. मी एकटी तोडीन. पण मग संध्याकाळी म्हणू नको, आक्कानं तोडली. म्हण, मला यायला जमलं नाय."

येसाबाई विळी घासत राहिली. घासता घासताच म्हणाली, "जेवायला काय करणार हाईस? पाणचट आमटी केलीस तर मी नाय जेवणार."

सकाळी धुकं इतकं दाट होतं की माणसाचा आधी खोकला ऐकू यायचा, मग माणूस दिसायचा. पाटील आले नाहीत. त्यांचा थोरला लेक आला. निम्म्याहून जास्त घरांतून कुणी ना कुणी आलं. वनिता चिखलानं माखलेल्या गाडीतून उतरली, आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी काढून सारखी पातळी बघत खुंट्या ठोकायला लागली. एक खुंटी, पुढं दुसरी, पुढं तिसरी. डोंगराच्या पोटावर आडवी रेघ उमटत गेली.

ठमाबाईनं कुदळ उचलली. पायाखाली साय तळव्याला मऊ लागत होती, आणि तिला ठाऊक होतं की सगळ्या खोऱ्यात इतकं सुंदर रान दुसरं नाही.  मग तिनं कुदळ घातली. साय चामड्यासारखी चरचरली आणि खालून तांबडी माती निघाली.

चौथ्या-पाचव्या घावाला वर घरघर झाली. धुक्यातून मंडळाचा ड्रोन उतरला, डोक्याच्या उंचीवर थांबला, आणि त्यातून गोड आवाजात एक बाई बोलायला लागली. "कृपया कवचाला इजा पोहोचवू नका. ही नोंद मंडळाकडे पाठवली जात आहे. कृपया कवचाला इजा—"

"अगं ए," ठमाबाई वर तोंड करून म्हणाली, "इजा काय असती ते बघायचं तर खाली ये. येसाच्या भिंतीमागं चल. तिथं कृपया म्हण."

"कृपया कवचाला—"

"हिला सासू नाय वाटतं," येसाबाई पलीकडून म्हणाली. "असती तर एवढं गोड बोलली नसती." लोक हसले, आणि हसता हसता कुदळी चालायला लागल्या.

सुनील जाकीट घालून बांधावर उभा होता. त्यानं फोननं फोटो काढले, काहीतरी लिहिलं, आणि बराच वेळ फोनकडं बघत राहिला.

"कळवलंस?" ठमाबाईनं विचारलं.

"कळवलं."

"सगळं खरं लिहिलंस?"

"सगळं."

"मग आता पहार घे. तिकडं धोंडा लागलाय."

त्यानं जाकीट काढलं, घडी घालून दगडावर ठेवलं आणि पहार घेतली. आईकडं बघितलं नाही. पुढंही कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि ठमाबाईनं त्याला समजवायचा प्रयत्न केला नाही. ज्याचं गेलं त्याला रागावायचा हक्क असतो.

दुपारपर्यंत काळ्या रानावर तांबडे पट्टे ओढून झाले. रान गावठी कुत्र्यासारखं बांडं दिसायला लागलं. खालच्या घळीत भारे दाबून झाले. सगळ्यात खालचा चर अर्धा राहिला होता, तेवढ्यात वरच्या कड्यावरून आवाज आला. पाऊस नव्हे, पावसाचा आवाज. मग तो आला.

तो थेंबांचा पाऊस नव्हताच. अंगावर लाह्या फुटाव्यात तसा मारत होता. सायीवर पडलेलं पाणी तसंच घसरलं आणि पहिल्या चरात गेलं. चर भरला. थांबला. जास्तीचं पाणी ओसंडून दुसऱ्यात गेलं. दुसरा भरला, थांबला. पाणी आता निवळ नव्हतं. तोडलेल्या पट्ट्यांची माती पिऊन लाल झालं होतं, आणि भरल्या पोटाच्या माणसासारखं जडपणानं चालत होतं. वनिता काठानं पळत एकेक चर बघत होती आणि ओरडून हात दाखवत होती: धरलाय, धरलाय.

मग पाणी शेवटच्या, अर्ध्याच चरात आलं. त्याचा बांध घामेजायला लागला. एका जागी बोटाएवढी धार फुटली. येसाबाईनं तिच्यावर दगड ठेवला, वर स्वतःच बसली. दुसरीकडं फुटली.

"फुटणार हा!" वनिता ओरडली. "उजवीकडं फुटला तर सगळं घळीत जाईल. डावीकडं वाट द्या! डावीकडं रुंद जागा आहे, पाणी पसरेल, जोर मरेल. पुढं कातळ आहे!"

डावीकडं ठमाबाईची खाचरं होती. एकाखाली एक, पायऱ्यांसारखी, घराला वर्षभर पुरणारा भात नुकताच लावलेला, हिरवागार.

सुनील ओरडला, "आई, तिकडं आपला भात हाय!"

"मला नको सांगू. कंबर माझी मोडलीय लावताना."

ती चिखलातून डाव्या टोकाला गेली. येसाबाई बांधावर बसल्या बसल्या तिच्याकडं बघत होती.  ठमाबाईनं फावडं घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बांध तिच्या पायाखालूनच गेला, आणि ती बसकण मारून चिखलात बसली. शेजारून लाल पाणी दगडगोटे घेऊन गर्जत तिच्या खाचरात शिरलं, पसरलं, मंद झालं, आणि हिरवं रोप एकेक करून दिसेनासं झालं.

ती उठली नाही. तिथंच बसून सगळं बघितलं. आपलं नुकसान दुसऱ्याकडून ऐकायची तिला सवय नव्हती.

पाऊस ओसरला तेव्हा येसाबाईच्या घराची मागची भिंत उभी होती. घळ भाऱ्यांपाशी येऊन थांबली होती. भाऱ्यांत माती अडकून पायरी झाली होती. आतून खंडू विचारत होता, मेलो का जगलो ते कुणीतरी सांगा. येसाबाई चिखलात लडबडलेल्या जावेसमोर उभी राहिली.

"आमटी झाली असल तुझी," ती म्हणाली. "भाकरी मी टाकते. चल."

"बोलवतीस का हुकूम करतीस?"

"तुला जे मानवंल ते समज."

चौबळ साहेब रस्ता मोकळा झाल्यावर आले. पांढरा रेनकोट, हातात टॅबलेट, पायांत शहरातले नवे बूट. सगळं गाव तेव्हा ठमाबाईच्या रानात होतं. वनितानं केंद्रातून वाळ्याच्या गवताची रोपं आणली होती आणि तांबड्या पट्ट्यांत ती दाटीनं लावणं चाललं होतं. या गवताची मुळं खोल जातात, माती धरतात आणि पाणी पितात.

"कवच पहिल्यांदा कुणी तोडलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," ठमाबाई म्हणाली.

"खोटं," येसाबाई म्हणाली. "पहिली कुदळ माझी."

"तुझी? तू तवा पदर खोचत व्हतीस!"

"पदर खोचला, पण कुदळ आधी घातली. विचार कुणाला पण."

"ए, मी घातली तवा चरचरलेलं अख्ख्या रानानं ऐकलंय!"

"मी दोघींची नावं लिहितो," साहेब घाईनं म्हणाले.

"लिहा. आधी माझं," ठमाबाई म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. मग घसा साफ करून नियम वाचला. रक्षकाची नेमणूक रद्द. डॉक्टर तळपे यांची चौकशी होईल. या रानाला पुन्हा कवच मिळणार नाही. गावाची पाळी सगळ्यांच्या शेवटी. "मात्र," साहेब जरा मऊ झाले, "आपण लेखी दिलंत की पुन्हा तोडणार नाही, आणि हे पट्टे बुजवून घेतलेत, तर मी वर शब्द टाकू शकतो. वरून फोटोत फार वाईट दिसतं हो."

ठमाबाई उभी राहिली. हात पाठीला लावून सावकाश, कारण पाठ त्या दिवसापासून धड नव्हती.

"साहेब, साय चांगली चीज हाय. आम्हाला पायजे. पण ती ओढ्यापासून वर येईल, आन् या पोरीनं खुंटी ठोकलीय तिथंच बसंल. माझ्या रानाची पाळी शेवटी."

पाटील मागं उभे होते. त्यांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. वरच्या घरानं शेवटची पाळी मागितलेली उंबरदऱ्यात कुणी ऐकलेली नव्हती.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले.

"मग नियम घेऊन पावसात बसा, बसतो का बघा. लेखी पायजे ना? हे लिहून घ्या. पट्टे बुजवले तर मी परत तोडीन. तुमी परत बुजवा, मी परत तोडीन. माझं वय झालंय, पण कुदळीचं नाय झालं."

"मावशी, तुम्ही समजून घ्या—"

"मी समजून घेतलं. लई महाग पडलं. आता तुमी पाय काढा."

"काय?"

"पाय. गवतावर हाय तुमचा."

साहेबांनी खाली बघितलं. बुटाखाली वाळ्याचं एक रोप आडवं झालं होतं. त्यांनी घाईनं पाय उचलला, आणि एका पायावर डुलत दुसरा कुठं ठेवावा ते बघत राहिले. पुढं, मागं, दोन्ही अंगांना, सगळीकडं रोपं लावलेली होती.